कार्बोरेटरला नवे किट टाकल्यावर गाडी बिघडली, तर दोष कसा शोधावा

इंजिनसाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर उतरवला, उकलला, धुतला, नवे किट (पॅकिंगे आणि झिजणारे बारीक भाग यांचा संच) घालून पुन्हा जागेवर बसवला आणि गाडी पूर्वीपेक्षाही वाईट चालू लागली, हा अनुभव जुनी गाडी बाळगणाऱ्या बहुतेकांना एकदा तरी येतो. अशा वेळी पहिला हात जातो तो मिश्रणाच्या स्क्रूकडे आणि खरा घोळ तेथूनच सुरू होतो. स्क्रू फिरवल्याने दोष जात नाही, फक्त त्याचे रूप बदलते. मग मूळचा दोष कोणता आणि आपण नंतर घातलेला कोणता, हे ओळखणे दुरापास्त होते. साताऱ्यात वडिलांची प्रीमियर पद्मिनी मी अनेक वर्षे स्वतःच्या हाताने सांभाळत आलो आहे आणि त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. जो दोष कामाआधी नव्हता आणि कामानंतर आला, तो आपले हात जेथे लागले तेथेच असतो. आणि जो आधीही होता व नवे किट टाकल्यावरही तसाच राहिला, तो बहुधा कार्बोरेटरमध्ये कधी नव्हताच. म्हणून बॉनेट उघडण्याआधी एका वहीत दोन रकाने करावेत, एकात कामाआधीच्या तक्रारी आणि दुसऱ्यात कामानंतरच्या तक्रारी लिहाव्यात. पुढची निम्मी वाट ही वहीच दाखवते.

येथे मी जे लिहितो आहे ते मुख्यतः पद्मिनीला धरून आहे. ज्या वालचंद हिराचंदांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय सांगलीत आहे, त्यांनीच स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ही गाडी. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन आणि त्यावर एका घशाचा (हवा जाण्याच्या एकाच नळीचा), वरून खाली हवा ओढणारा सोलेक्स जातीचा कार्बोरेटर. जुन्या ॲम्बेसेडरवरचा एसयू कार्बोरेटर रचनेने वेगळा असतो, त्यात पिस्टन आणि निमुळती सुई असते आणि वरच्या नळीत तेल भरावे लागते. तरीही पेट्रोल कोठून येते, किती पातळीला थांबते आणि चोरवाटेने हवा कोठून शिरते, हे तीन प्रश्न दोन्हीकडे सारखेच आहेत.

काम सुरू करण्याआधी एक गोष्ट आवर्जून सांगतो. गाडी घराबाहेर, उजेडात, वारा खेळता राहील अशा जागी उभी करावी, पेट्रोलची वाट उघडी असेल तेव्हा बॅटरीची एक तार काढून ठेवावी आणि पावडरचे अग्निशामक नळकांडे हाताशी ठेवावे. गाडी चालू होत नाही म्हणून बाटलीने घशात पेट्रोल ओतत सेल्फ मारण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. ती कृपा करून टाळावी. व्हॉल्व्ह पूर्ण बसत नसेल किंवा टायमिंग चुकले असेल, तर ज्वाला घशातून उलटी येते, आणि त्या वेळी बाटली धरलेला हात नेमका घशावरच असतो.

आधी ठिणगी, मग पेट्रोल

कार्बोरेटरवर संशय घेण्याआधी ठिणगी पाहावी. कार्बोरेटर बसवताना डेल्कोच्या (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या) वायरी हलतात, कधी प्लगच्या दोन वायरींची अदलाबदल होते, कधी व्हॅक्यूमची नळी लावायची राहून जाते. या तीन गोष्टी पाच मिनिटांत तपासून होतात. त्यानंतर डेल्कोतल्या पॉइंटमधले (ठिणगीसाठी उघडमीट होणाऱ्या संपर्कांमधले) अंतर, पॉइंटचे तोंड जळले आहे का, प्लगचा रंग आणि टॅपेटचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचे) अंतर हे गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे पाहून घ्यावे. एकदा माझी गाडी गरम झाली की रेस दिल्यावर गचके खायची आणि मी दोन रविवार कार्बोरेटर उघडझाक करण्यात घालवले. दोष निघाला पॉइंटला जोडलेल्या कंडेन्सरचा, जो थंड असताना ठीक असे आणि तापला की साथ सोडत असे. माझ्या वहीत ती तक्रार पहिल्या रकान्यात, म्हणजे कामाआधीच्या रकान्यात, स्पष्ट लिहिलेली होती. मी ती वाचली असती, तर कार्बोरेटर उघडलाच नसता.

ठिणगी निळसर आणि नियमित असेल तर पेट्रोलकडे वळावे. कार्बोरेटरला येणारी नळी काढून तिला लांब रबरी नळी जोडावी, तिचे टोक काचेच्या बाटलीत सोडावे, ठिणगी पडू नये म्हणून कॉइलची तार काढून ठेवावी, बॅटरी या चाचणीपुरती जोडावी आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगावे. पंप चांगला असेल तर प्रत्येक ठोक्याला पेट्रोलची भरदार पिचकारी पडते. धार लुळी असेल, मध्येच थांबत असेल किंवा तिच्यात बुडबुडे येत असतील, तर पंपाचा डायफ्राम (आतला लवचीक पडदा), टाकीपासून येणारी नळी किंवा फिल्टर यांत दोष आहे. बाटलीतले पेट्रोल लगेच ओतून टाकू नये, अर्धा तास स्थिर ठेवून उजेडात धरून पाहावे. तळाशी तांबूस गाळ बसला तर टाकी गंजली आहे, आणि ती साफ केल्याशिवाय कितीही किटे टाकली तरी जेट (पेट्रोल किंवा हवा मोजून सोडणारे बारीक छिद्राचे पितळी तुकडे) पुन्हा चोंदणार. तळाशी पाण्यासारखा वेगळा थर दिसला तर त्याचे कारण पुढे इथेनॉलच्या भागात येते.

पातळी

फ्लोटची वाटी, म्हणजे तरंगत्या फ्लोटने पेट्रोलची पातळी राखणारी वाटी, हा कार्बोरेटरचा पाया आहे, असे मी मानतो. जेट कितीही अचूक असला तरी त्याच्यापुढची पेट्रोलची पातळी चुकली तर पुढचे सगळे गणित चुकते. पातळी वर असेल तर गाडी काळा धूर सोडते, वळणावर किंवा चढावर गुदमरते, बंद केल्यावर घशात पेट्रोल ठिबकत राहते. पातळी खाली असेल तर उचलताना दम लागतो आणि जोरात चालवताना ती मागे ओढल्यासारखी होते.

नवे किट टाकल्यावर पेट्रोल वाहू लागले, तर कारण शोधायच्या जागा मोजक्या आहेत. निडल व्हॉल्व्ह (फ्लोट वर आला की पेट्रोल बंद करणारी सुई) नवा असला तरी त्याच्या बैठकीवर कचऱ्याचा एक कण पुरतो, म्हणून तो काढून पुन्हा धुवावा. नंतर सुई बोटाने हलकेच दाबून धरून, कोरड्या रबरी नळीने मागून फुंकून पाहावे, हवा अजिबात निसटता कामा नये. मग व्हॉल्व्हखालची वॉशर पाहावी. सोलेक्समध्ये पातळी ठरते ती मुख्यतः या वॉशरच्या जाडीवर. वॉशर जाड असेल तर सुई लवकर बंद होते आणि पातळी खाली राहते, पातळ असेल तर पातळी वर चढते. किटमध्ये आलेली वॉशर जुन्या वॉशरइतकीच जाड आहे असे गृहीत धरू नये. जुनी वॉशर फेकण्याआधी दोन्ही व्हर्नियरने मोजाव्यात. पुष्कळ वेळा दोष येथेच सापडतो, आणि त्यासाठी दुसरे काहीही खोलावे लागत नाही.

फ्लोट कानाशी धरून हलवला असता आत पेट्रोल खळखळले तर त्याला भोक आहे हे उघड आहे, पण बारीक भोक असे ऐकू येत नाही. पितळी फ्लोट असेल तर चुलीवरून उतरवलेल्या, हात पोळेल इतक्या गरम पाण्यात तो चिमट्याने पूर्ण बुडवून धरावा. आतली हवा तापून फुगते आणि जोडावरच्या डागाच्या कडेने मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक, एकाच जागेवरून वर येऊ लागतात. ती जागा पेन्सिलीने खूण करून ठेवावी. डाग देण्याआधी आतले पेट्रोल पूर्ण उडून गेले पाहिजे, आणि तो अगदी थोडा द्यावा, कारण फ्लोटचे वजन वाढले की पातळी पुन्हा वर जाते. फ्लोट प्लास्टिकचा असेल तर डागडुजीच्या भानगडीत न पडता नवा घ्यावा.

एक छिद्र

आता मी ज्या दोषाने सर्वांत जास्त शिकलो, तो सांगतो. एका पावसाळ्यात किट टाकल्यानंतर आमची गाडी स्लोवर (पाय न देता इंजिन फिरते त्या वेगावर) ठरेना. चोक (थंड इंजिनला जास्तीचे पेट्रोल देणारी सोय) दिल्याशिवाय सहज चालू व्हायची, पण चालू झाली की डचमळत राहायची, सायलेन्सरमधून काळा धूर यायचा आणि मिश्रणाचा स्क्रू जवळजवळ पूर्ण आत बसवला तरी फरक पडत नसे. निडल व्हॉल्व्ह, फ्लोट, पातळी हे सारे तपासून झाले होते. तिसऱ्या दिवशी जुने, तेलकट, फाटके पॅकिंग कचऱ्यातून काढले, खिडकीच्या काचेवर पाण्याने चिकटवले आणि त्याच्यावर नवे पॅकिंग ठेवले. बाहेरून येणाऱ्या उजेडात सगळी मोठी भोके बरोबर जुळली, आणि एका कोपऱ्यात जुन्या पॅकिंगमध्ये तिळाएवढे एक छिद्र होते, ते नव्यामध्ये नव्हते. स्लो जेटला हवा पुरवणारी बारीक वाट त्या छिद्रातून जात होती. हवा बंद झाल्यामुळे स्लो जेटमधून निव्वळ पेट्रोल ओढले जात होते, आणि मी स्क्रूशी झगडत बसलो होतो.

तेव्हापासून कोणतेही किट उघडले की पहिले काम हेच करतो: जुने आणि नवे प्रत्येक पॅकिंग एकमेकांवर ठेवून उजेडात धरायचे, मग कार्बोरेटरच्या तोंडावर ठेवून प्रत्येक छिद्राखाली वाट मोकळी आहे का ते पाहायचे. एकच किट दोन-तीन प्रकारच्या कार्बोरेटरसाठी म्हणून विकले जाते, त्यामुळे त्यात आपल्याला न लागणारी पॅकिंगेही असतात आणि लागणारी अपुरीही. छिद्र नसेल तर धारदार गोल पंचाने पाडावे. सुईने टोचलेले छिद्र कडेला गोळा होऊन पुन्हा मिटते.

जेटच्या बाबतीत अशीच काळजी घ्यावी. जेटवरचा आकडा साधारणपणे छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो, म्हणजे १२५ आकड्याच्या जेटचे छिद्र सव्वा मिलिमीटरचे असते. पेट्रोलच्या जेटचा आकडा वाढला की मिश्रण दाट (जास्त पेट्रोलचे) होते, हवेच्या जेटचा आकडा वाढला की विरळ होते, आणि हे दोन जेट घाईत एकमेकांच्या जागी बसले तर गाडी चालू होते, पण कशीच चालत नाही. जुने जेट किटमधल्या नव्या जेटशी आकडा वाचून ताडून पाहावेत आणि शंका असेल तेथे जुनेच स्वच्छ करून वापरावेत. जेटमध्ये तार घालू नये. पितळ मऊ असते, एका ओरखड्याने त्याचा आकडा खोटा ठरतो. रात्रभर कार्बोरेटर क्लीनरमध्ये ठेवून कॉम्प्रेसरची हवा मारली की बहुतेक जेट मोकळे होतात.

चोकबद्दल एक बाब पुष्कळांच्या लक्षात येत नाही. अनेक सोलेक्समध्ये चोक म्हणजे घशावर मिटणारी पाकळी नसते. बाजूला एक फिरती चकती असते, तिला स्वतंत्र जेट असतो, आणि ती फिरली की जास्तीचे पेट्रोल थेट थ्रॉटलच्या (ॲक्सिलरेटर दाबला की उघडणाऱ्या झडपेच्या) खाली सोडले जाते. घशात डोकावून पाकळी दिसली नाही म्हणून चोक बंद आहे असे समजणे चुकीचे ठरते. बटण पूर्ण आत ढकलल्यावर केबलवर ताण राहिल्यामुळे चकती थोडी उघडी राहिली, किंवा जुळवताना ती उलटी बसली, तर गाडी दिवसभर चोकवर चालते. केबल सुटी करून दांडी हाताने पूर्ण मागे न्यावी आणि गाडी चालवून पाहावी. धूर गेला तर दोष केबलचा.

चोरवाटेने शिरणारी हवा

दाट मिश्रणाचा दोष धुराने आणि वासाने स्वतःच ओरडून सांगतो. विरळ मिश्रणाचा दोष मात्र लपून राहतो. स्लो वरखाली होते, कार्बोरेटरमधून उलट फटाके येतात, चोक किंचित ओढला की गाडी सुधारते. ही शेवटची खूण फार विश्वासाची आहे: चोक ओढल्यावर सुधारणा झाली तर मिश्रण विरळ आहे, बिघडली तर दाट आहे.

हवा शिरण्याची पहिली जागा म्हणजे कार्बोरेटरच्या पायाचे पॅकिंग आणि त्याखालचा उष्णता अडवणारा बेकेलाइटचा ठोकळा. नट एका बाजूने जास्त आवळल्यास पाया वाकतो, आणि वाकलेल्या पायावर कितीही चांगले पॅकिंग घातले तरी ते बसत नाही. जाड सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर चिकटवून त्यावर पाया हलक्या हाताने चार वेळा फिरवावा. चमक सगळीकडे सारखी आली तर पाया सरळ, कडेलाच आली तर मधोमध खळगा. पेपर बदलत, दिशा बदलत, चमक सारखी होईपर्यंत घासावे, आणि बसवताना दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत.

दुसरी जागा थ्रॉटलच्या शाफ्टची. कार्बोरेटरचे अंग जस्तमिश्रित मऊ धातूचे आणि शाफ्ट त्याहून कडक, त्यामुळे वर्षानुवर्षांच्या फिरण्याने भोक लांबट होते. शाफ्ट धरून वरखाली हलवल्यास डोळ्यांना दिसेल इतका खेळ असेल तर कोणत्याही किटने तो जाणार नाही. तेथे पितळी बुश बसवावा लागतो. हे काम चांगल्या लेथवर, भोक तिरके न जाता, झाले पाहिजे. साताऱ्याच्या किंवा कुपवाडच्या एमआयडीसीत बारीक काम करणारे टर्नर आहेत, त्यांच्याकडे शाफ्टसकट पूर्ण अंग न्यावे, नुसते माप सांगू नये.

गळती शोधण्यासाठी पेट्रोल शिंपडण्याची पद्धत धोक्याची आहे. इंजिन स्लोवर ठेवून जोडांवर आणि शाफ्टच्या टोकांवर ब्रशने पातळ तेल लावावे किंवा पाण्याचा बारीक फवारा मारावा. ज्या जागी फवारा पडताच आवाज बदलतो, ती गळतीची जागा. आवाजातला हा बदल फार सूक्ष्म असतो. मिरजेत तंतुवाद्याची जवारी लावणारा कारागीर घोडीवर कानस एकदा फिरवतो आणि तार छेडून थांबतो, तसे येथेही एकदा फवारून थांबावे आणि ऐकावे.

स्लो लावणे

वरचे सर्व झाल्यानंतरच स्क्रूला हात लावायचा. गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवून पूर्ण गरम करावी, चोक बंद असल्याची खात्री करावी. मिश्रणाचा स्क्रू बोटांच्या जोराने हलकेच टेकेपर्यंत आत न्यावा, आवळू नये, कारण त्याचे टोक दबले की त्यावर कायमची कडा पडते. मग दीड फेरा बाहेर काढावा. थ्रॉटलच्या स्क्रूने स्लो नेहमीपेक्षा किंचित वर ठेवून मिश्रणाचा स्क्रू पाव फेऱ्याने आत न्यावा, दर वेळी थोडे थांबावे, इंजिन अडखळू लागले की तेथून बाहेर आणत सर्वांत गुळगुळीत आणि वेगवान जागा शोधावी. मग स्लो कमी करून तीच जागा पुन्हा शोधावी. साधारण दोनदा केले की पुरते. स्क्रू अर्ध्या फेऱ्याच्या आत किंवा तीन फेऱ्यांच्या बाहेर गेला तरच गाडी ठरत असेल, तर स्लोच्या वाटेत अजून दोष शिल्लक आहे असे समजून मागे फिरावे.

व्हॅक्यूम गेज (इंजिनची हवेची ओढ मोजणारे यंत्र) असेल तर काम सोपे होते, पण त्यावरचे आकडे वाचताना आपला डोंगराळ भाग विसरू नये. गेजच्या पुस्तिकेत सुस्थितीतल्या इंजिनसाठी दिलेले पाऱ्याचे १७ ते २१ इंच हे समुद्रसपाटीचे असतात, आणि दर हजार फूट उंचीमागे सुमारे एक इंच कमी होतो. सातारा सुमारे सातशे मीटरवर, म्हणजे तेवीसशे फुटांच्या आसपास आहे. येथे दोन इंच कमी दिसले म्हणून इंजिन उघडायला घेऊ नये. काटा स्थिर आहे की थरथरतो, हे आकड्यापेक्षा महत्त्वाचे आहे.

स्लो उत्तम पण पाय देताच गाडी क्षणभर मरते, अशी तक्रार असेल तर ॲक्सिलरेटर पंप पाहावा. इंजिन बंद ठेवून, एअर फिल्टर काढून, घशात पाहत थ्रॉटल झटकन उघडावा: थ्रॉटल हलताक्षणीच बारीक, सरळ धार पडली पाहिजे. धार उशिरा आली तर डायफ्राम कडक आहे किंवा दांडीत खेळ आहे. मुळीच आली नाही तर पंपाच्या वाटेतली छोटी गोळी जुळवताना पडून गेली आहे किंवा अडकली आहे. ही गोळी इतकी लहान असते की कार्बोरेटर उलटा करताना ती कधी निसटली ते कळतही नाही, म्हणून उकलण्याचे काम नेहमी कडा असलेल्या पांढऱ्या ताटात करावे.

इथेनॉल आणि घाट

आपल्या जुन्या गाड्या घडल्या तेव्हा पंपावर निव्वळ पेट्रोल मिळत असे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि सातारा-सांगली हा तर उसाचा आणि साखर कारखान्यांचा मुलूख, त्यामुळे त्यातले इथेनॉल कदाचित आपल्याच रानातले असते. त्याचा फायदा शेतकऱ्याला होतो, याचे मला समाधान आहे. पण जुन्या कार्बोरेटरवर त्याचे परिणाम होतात आणि ते समजून घेतले पाहिजेत.

पहिला परिणाम रबरावर. जुन्या प्रतीचे डायफ्राम आणि नळ्या इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात किंवा तडकतात. किट विकत घेताना ते इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे आहे का ते विचारावे, आणि पंपाचा डायफ्राम व टाकीपासूनच्या रबरी नळ्याही त्याच वेळी बदलाव्यात. दुसरा परिणाम पाण्याचा. इथेनॉल ओलावा शोषून घेते. एका मर्यादेपर्यंत पाणी त्यात विरघळून राहते, मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर होतो. पावसाळ्यात गाडी महिनोन्महिने उभी राहिली की हा थर टाकीतून फ्लोटच्या वाटीत येतो आणि वाटीच्या तळाला पांढरी भुकटी धरते. उभी ठेवायची असेल तर वाटी रिकामी करून ठेवणे उत्तम.

तिसरा परिणाम मिश्रणावर होतो, आणि तो आकड्यांनी पाहण्यासारखा आहे. निव्वळ पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने एका भागास १४.७ भाग हवा लागते. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला सुमारे साडेतेराच भाग लागते. म्हणजे तोच जेट ठेवला तर मिश्रण आठ-नऊ टक्क्यांनी विरळ पडते. दुसरीकडे उंची वाढली की हवा पातळ होते आणि कार्बोरेटर आपोआप दाट मिश्रण देऊ लागतो: साताऱ्याच्या उंचीवर साधारण तीन-साडेतीन टक्के, महाबळेश्वरच्या साडेतेराशे मीटरवर सात टक्क्यांच्या आसपास. याचा अर्थ असा की कारखान्यातून आलेल्या जेटवर साताऱ्यात गाडी पाचेक टक्के विरळ चालते, महाबळेश्वरला पोहोचेपर्यंत ती जवळजवळ बरोबर होते, आणि तीच गाडी कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला गेली की पूर्ण विरळ पडते. घाटमाथ्यावर उत्तम चाललेली गाडी कोकणात गेल्यावर का तापते आणि का फटाके टाकते, याचे एक कारण येथे आहे. ते किट टाकणाऱ्याच्या माथी मारू नये.

जेट बदलायचा झाला तर प्रमाण लक्षात ठेवावे. पेट्रोल वाहते ते छिद्राच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात, म्हणून आठ टक्के जास्त पेट्रोल हवे असेल तर व्यास चारच टक्के वाढतो, म्हणजे १२५ च्या जागी १३०. साताऱ्यात राहून बहुतांशी साताऱ्यातच फिरणाऱ्या गाडीला एकच पायरी पुरते. त्याहून मोठी उडी मारण्याआधी प्लग पाहावेत: मोकळ्या रस्त्यावर काही किलोमीटर एकाच वेगाने चालवून, सुरक्षित जागी थांबून इंजिन लगेच बंद करावे आणि प्लग काढावेत. पोर्सेलीन पांढरेफटक असेल तर विरळ, काळी सुकी काजळी असेल तर दाट. इथेनॉलच्या पेट्रोलवर पूर्वीसारखा दाट तपकिरी रंग येत नाही, फिकट बदामी रंग आला तरी तो चांगला समजावा.

उन्हाळ्यात घाट चढून आल्यावर गाडी बंद केली आणि दहा मिनिटांनी ती चालूच झाली नाही, हा दोष वेगळा आहे. इंजिनच्या उष्णतेने वाटीतले पेट्रोल उकळून घशात सांडते, किंवा नळीत वाफ अडकते. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर आहे का, पायाखालचा बेकेलाइटचा ठोकळा कोणी दुरुस्तीत गाळला तर नाही ना, हे पाहावे. तात्पुरता उपाय म्हणजे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून, एकदाही पंप न करता, सेल्फ मारणे. आणि इंजिनवरच्या पेट्रोलच्या पंपावर ओले फडके ठेवणे.

सर्व झाल्यावर चाचणीसाठी मी यवतेश्वरचा घाट पसंत करतो. शहरातून निघताच चढ लागतो, वळणे दोन्ही बाजूंना आहेत, आणि कासच्या पठारापर्यंत सुमारे पाचशे मीटर उंची चढावी लागते. गाडी डाव्या वळणावर गुदमरते की उजव्या, चढावर ओढ कमी पडते की पाय सोडल्यावर फटाके येतात, हे सोबत बसलेल्या माणसाने तेथल्या तेथे वहीत लिहावे, चालवणाऱ्याने आठवणीवर सोडू नये. वाटेत स्क्रूला हात लावायचा नाही. घरी येऊन एकच बदल करायचा आणि पुन्हा तोच रस्ता घ्यायचा. साधारण दोनशे किलोमीटर झाल्यावर नवे पॅकिंग दबून बसलेले असते, तेव्हा इंजिन थंड असताना पायाचे आणि झाकणाचे नट हलक्या हाताने पुन्हा तपासावेत, वाटीच्या तळाशी पुन्हा गाळ आला आहे का ते पाहावे, आणि दोन्ही स्क्रू किती फेऱ्यांवर आहेत तो आकडा तारखेसह वहीत नोंदवावा.